इंटरनेटवर नोकरीचा शोध

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून निघून इंडिया गेटभोवतीच्या षटकोनी मार्गाला मिळणाऱ्या रस्त्याला निकोलस कोपर्निकस या पोलिश ज्योतिर्विदाचे नाव दिलेले आहे. रस्ता लांब नाही. पायी पंधरा-वीस मिनिटांत तो संपतो. तथापि नोकरीच्या शोधाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास या एका रस्त्यावर त्या विषयाची तीन अंगे पाहावयास मिळतात. येथे दूरदर्शन भवन आहे, म्हणजे वार्ता दूरवर पोहोचविणारे माध्यम आहे. येथेच जुने महाराष्ट्र सदन आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी दिल्लीस येणारे अनेक मराठी तरुण येथे, आणि २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर उघडलेल्या नव्या सदनात, उतरत आले आहेत. हा झाला उमेदवार. आणि याच रस्त्यावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान पीठ आहे. केंद्र सरकारच्या नोकरभरतीत अन्याय झाला असे ज्यास वाटते, त्याचे गाऱ्हाणे येथे ऐकले जाते. रस्ता जेथे संपतो त्याच षटकोनातून शहाजहान मार्ग निघतो, आणि त्यावर लोकसेवा आयोगाचे धोलपूर हाउस उभे आहे.

वार्ता, उमेदवार आणि निवड या तीन गोष्टी एकत्र याव्यात यासाठी जे श्रम करावे लागतात, त्यांनाच आपण नोकरीचा शोध म्हणतो. हे श्रम आज मुख्यतः इंटरनेटवर करावे लागतात. साधन नवे असले तरी त्याच्या उपयोगाची रीत शिकावी लागते. ती न शिकता केलेला शोध वेळ, पैसा आणि कधीकधी आयुष्यातील एक-दोन वर्षे वाया घालवितो. प्रस्तुत प्रकरणात ही रीत क्रमाने समजावून घ्यावयाची आहे.

१. जाहिरातीचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्या जवानांना काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये आपल्या देशात रोजगार सेवेची उभारणी झाली. पुढे तिची दारे सर्वसामान्य नागरिकांस खुली झाली. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांवर, तसेच पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांवर, रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्रास कळविण्याचे बंधन घातले. १९७६ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने 'रोजगार समाचार' हे साप्ताहिक सुरू केले. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सकाळी त्याच्या अंकासाठी रांग लागत असे, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

केवळ विनिमय केंद्राने पाठविलेल्या नावांतूनच निवड करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर आला. १९९६ मध्ये न्यायालयाने असे सांगितले की, केंद्राकडून नावे मागवावीतच. परंतु त्याबरोबर वृत्तपत्रांतून जाहिरात द्यावी, कार्यालयाच्या फलकावर सूचना लावावी, आकाशवाणी, दूरदर्शन व रोजगारविषयक पत्रे यांतूनही ती प्रसृत करावी, आणि जे जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करावा. या निर्णयामागील तत्त्व सरळ आहे. ज्यास वार्ताच पोहोचली नाही त्यास समान संधी मिळाली असे म्हणता येत नाही.

वार्ता पोहोचविण्याचे नवे साधन याच सुमारास देशात येत होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. १९९७ मध्ये संजीव बिखचंदानी यांनी दिल्लीत 'नोकरी डॉट कॉम' हे संकेतस्थळ सुरू केले. आरंभी त्यावरील जाहिराती निरनिराळ्या वृत्तपत्रांतून वेचून टंकित केलेल्या असत. २००३ मध्ये अमेरिकेत 'लिंक्डइन' सुरू झाले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे विनामूल्य संकेतस्थळ उघडले, आणि महाराष्ट्र शासनाचे 'महास्वयम्' हे संकेतस्थळही रोजगार व कौशल्यविकासाच्या कामी उपलब्ध आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. पूर्वी अडचण वार्तेच्या दुर्भिक्षाची होती. आज ती वार्तेच्या अतिरेकाची आहे. पूर्वी एक जाहिरात शोधण्यासाठी दहा वर्तमानपत्रे चाळावी लागत. आज एका शब्दासरशी हजारो जाहिराती समोर येतात; त्यांतील किती खऱ्या, किती ताज्या आणि किती आपल्या योग्यतेच्या, हे ठरविणे हेच खरे काम होऊन बसले आहे. शिवाय जी जाहिरात आपल्याला दिसते ती सहस्रावधी इतरांनाही दिसते. म्हणून केवळ जाहिरात सापडणे म्हणजे शोध पूर्ण होणे नव्हे. तेथून शोधाला प्रारंभ होतो.

२. केंद्र बदलण्याची आवश्यकता

१५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोपर्निकसने विश्वाच्या मध्यभागी पृथ्वीऐवजी सूर्य ठेवून पाहिला, आणि ग्रहांच्या गतीतील अनेक कोडी अधिक सोपी झाली. आकाशात काहीच बदलले नव्हते. पाहणाऱ्याने आपले स्थान मध्यातून काढून घेतले, इतकेच. नोकरी शोधणाऱ्यासही असाच एक बदल करावा लागतो.

बहुतेक उमेदवार आपल्यापासून प्रारंभ करतात. 'मी अमुक पदवी घेतली आहे, मला अमुक शहरात, अमुक पगाराची जागा हवी आहे' असा त्यांचा विचार असतो. या इच्छा चुकीच्या नाहीत. परंतु जागा भरणाऱ्याच्या विचाराचा मध्यबिंदू निराळा असतो. त्याच्याकडे काही काम अडलेले असते. हिशेब वेळेवर पुरे होत नसतात, यंत्र चालविणारा माणूस सोडून गेलेला असतो, किंवा नव्या शाखेसाठी माणसे हवी असतात. हे अडलेले काम कोण करू शकेल, एवढेच त्यास पाहावयाचे असते. उमेदवाराने आपला शोध या अडलेल्या कामाभोवती मांडला म्हणजे कोणते शब्द शोधावेत, परिचयपत्रात काय लिहावे, मुलाखतीत काय बोलावे, या प्रश्नांची उत्तरे आपोआप सुसंगत होऊ लागतात.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पू. समजा, लातूर जिल्ह्यातील एका तरुणीने वाणिज्य शाखेची पदवी घेतली आहे. तिने तीन वर्षे तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम केले आहे. टॅली हे सॉफ्टवेअर, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि बँकेच्या खात्याचा मेळ घालणे तिला येते. आता तिला पुणे अथवा दिल्ली येथे नोकरी हवी आहे. पुढील सर्व टप्प्यांत आपण हेच उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू.

३. शोधशब्दांची निवड

आपल्या तरुणीने संकेतस्थळावर केवळ 'अकाउंटंट' हा शब्द लिहिला तर जाहिरातींचा पूर लोटेल, आणि तरीही तिच्या योग्यतेच्या कित्येक जागा त्यात सापडणार नाहीत. कारण एकाच कामास निरनिराळ्या कचेऱ्यांत निरनिराळी नावे असतात. कोठे त्यास 'अकाउंट्स असिस्टंट' म्हणतात, कोठे 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह', तर कोठे 'फायनान्स असोसिएट'. म्हणून पहिले काम पदनामांची यादी करण्याचे आहे. आपल्यासारखे काम करणाऱ्यांच्या वीस-पंचवीस जाहिराती अर्ज न करता नुसत्या वाचाव्यात. त्यांत वारंवार येणारी पदनामे एका स्तंभात आणि वारंवार येणारी कौशल्ये दुसऱ्या स्तंभात लिहून काढावीत. एका संध्याकाळच्या या श्रमाने पुढील महिनाभराची दिशा ठरते.

त्यानंतर शोधयंत्राची काही साधी चिन्हे शिकावीत. दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत घातल्यास ते त्याच क्रमाने असलेली पानेच प्रामुख्याने मिळतात. एखाद्या शब्दाआधी वजाचे चिन्ह जोडल्यास तो शब्द असलेली पाने वगळली जातात. इंग्रजीतील 'साइट' हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखे दोन बिंदूंचे चिन्ह आणि लगेच एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिल्यास केवळ त्याच संकेतस्थळात शोध घेतला जातो. सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. त्यामुळे याच युक्तीने फक्त सरकारी पानांत शोध घेणे शक्य होते.

जाहिराती नेहमी तारखेच्या क्रमाने लावून पाहाव्यात. पुष्कळ संकेतस्थळांवर जुन्या, भरल्या गेलेल्या जागांच्या जाहिराती तशाच राहिलेल्या असतात. आपल्या शोधशब्दांसाठी सूचना मागविण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिचा उपयोग केल्यास नवी जाहिरात आली की ईमेलने कळते. अर्ज शक्यतो आरंभीच्या दोन-तीन दिवसांत करावा. कारण अनेक ठिकाणी पुरेसे उमेदवार मिळाले की पुढील अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही. आणि जेथे शक्य असेल तेथे मध्यस्थ संकेतस्थळावरून त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन जागा खरोखर तेथे आहे काय, हे पाहून तेथेच अर्ज करावा.

४. परिचयपत्र दोन वाचकांसाठी

परिचयपत्र, ज्यास आपण व्यवहारात बायोडाटा म्हणतो, त्याचे आज दोन वाचक असतात. मोठ्या कंपन्यांत पहिला वाचक बहुधा यंत्र असते. अर्जांची छाननी करणारे सॉफ्टवेअर परिचयपत्रातील मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा रकान्यांत भरते आणि जाहिरातीतील शब्दांशी त्याची तुलना करते. दुसरा वाचक मनुष्य असतो, आणि त्याच्यापाशी वेळ फार थोडा असतो.

यंत्रासाठी मांडणी साधी ठेवावी. रंगीत चौकटी, चित्रमय आलेख, दोन स्तंभांची गुंतागुंतीची रचना यांमुळे मजकूर उचलताना गोंधळ होतो. कागदावरील परिचयपत्राचे छायाचित्र काढून पाठविणे तर सर्वस्वी टाळावे. चित्रातील अक्षरे पुष्कळदा वाचलीच जात नाहीत. जाहिरातीत जो शब्द वापरला असेल तो, आपल्याला ते काम खरोखर येत असल्यास, त्याच रूपात परिचयपत्रात यावा. येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. जे येत नाही त्याचा शब्द केवळ यंत्रास फसविण्यासाठी घालू नये. यंत्र फसले तरी मुलाखतीतील पहिल्या प्रश्नालाच ते उघड होते.

माणसासाठी विशेषणांऐवजी कामाचा हिशेब द्यावा. आपल्या उदाहरणातील तरुणीने 'मी कष्टाळू व प्रामाणिक असून हिशेबाची जबाबदारी यशस्वीपणे सांभाळली' असे लिहिले तर वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. त्याऐवजी, ते खरे असल्यास, 'दरमहा सुमारे ४०० पावत्यांची टॅलीमध्ये नोंद. तीन बँक खात्यांचा मासिक मेळ. कर विवरणपत्रे सलग तीन वर्षे मुदतीत दाखल' असे लिहिल्यास तिच्या कामाचे माप डोळ्यांसमोर उभे राहते. आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँक खात्याचा तपशील, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांपैकी काहीही खाजगी नोकरीच्या पहिल्या अर्जात देण्याचे कारण नसते. परिचयपत्र कोणाकोणाच्या हाती जाईल यावर आपला ताबा राहत नाही, हे विसरू नये.

५. दूरच्या ओळखींचे बळ

इंटरनेटवरील शोध म्हणजे दिवसभर अर्ज पाठवीत बसणे, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या पुरुषांचा अभ्यास करून १९७३ व १९७४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पाहणीतील निम्म्याहून अधिक लोकांना नोकरीची वार्ता ओळखीतून मिळाली होती. यात आश्चर्य नाही. आश्चर्य पुढेच आहे. ओळखीतून ज्यांना नोकरी मिळाली त्यांपैकी ज्याने वार्ता दिली त्यास नेहमी भेटणारे सुमारे १७ टक्केच होते. उरलेले त्यास अधूनमधून किंवा क्वचितच भेटत असत.

याचे कारण विचाराअंती स्पष्ट होते. आपले जिवलग मित्र आणि नातलग आपल्याच वर्तुळात वावरतात. आपल्याला जे ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक असते. दूरची ओळख मात्र निराळ्या वर्तुळात पाय रोवून असते, आणि नवी वार्ता तेथूनच येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरील प्रयोगांवरून असे दिसून आले की, फार जवळच्या ओळखींपेक्षा मध्यम प्रमाणात दूरच्या ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडतात.

मराठी वाचकास याचा अर्थ समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. गावाकडचा कोणी मुंबईस गेला की त्याच्या खोलीवर उतरून कामाचा शोध घेण्याची रीत गिरण्यांच्या काळापासून आपल्याकडे आहे. फरक इतकाच की, पूर्वी ही ओळख गाव आणि आळी यांपुरती असे. आता शाळेतील जुने सहाध्यायी, महाविद्यालयातील वरच्या वर्गातील विद्यार्थी, पूर्वीच्या कचेरीतील सहकारी यांचा माग इंटरनेटवर सहज लागतो. आपल्या तरुणीने पुण्यात किंवा दिल्लीत अशाच कामावर असलेल्या, आपल्याच महाविद्यालयातील व्यक्तीस पत्र लिहावे. पत्र लहान असावे. आपण कोण, त्यांचा पत्ता कसा सापडला, आणि नेमके काय विचारावयाचे आहे, हे पाच-सहा वाक्यांत यावे. 'मला नोकरी लावून द्या' अशी मागणी केल्यास समोरचा संकोचतो. 'आपल्या कामात कोणते कौशल्य अधिक लागते, आणि या क्षेत्रातील जागा कोठे जाहीर होतात, हे सांगाल काय?' असा प्रश्न केल्यास बहुधा उत्तर येते, आणि त्या उत्तरातून पुष्कळदा जागेची वार्ताही येते.

६. सरकारी भरती : मूळ पत्रकाकडे जावे

सरकारी नोकरीच्या शोधात एक नियम सर्वांत वरचा मानावा. वार्ता कोठूनही मिळो, निर्णय मात्र मूळ जाहिरात वाचूनच घ्यावा. चलचित्रांतून, मित्रांच्या गटांतून आणि खाजगी संकेतस्थळांतून भरतीच्या ज्या बातम्या फिरतात, त्यांत वयोमर्यादा, अर्हता किंवा अंतिम दिनांक चुकीचे असू शकतात. चूक त्यांची असली तरी नुकसान उमेदवाराचे होते.

नियम आणि पत्तेही बदलतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये एकवेळ नोंदणीची पद्धत सुरू केली. मे २०२५ मध्ये अर्जांसाठी नवी व्यवस्था आली, आणि उमेदवारांना तेथे पुन्हा नोंदणी करावी लागली. कर्मचारी निवड आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये संकेतस्थळच बदलले, आणि जुन्या संकेतस्थळावरील नोंदणी नव्यावर उपयोगी राहिली नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या अनुभवावर या वर्षी विसंबू नये.

मराठी उमेदवारांना दोन बाबतींत विशेष काळजी घ्यावी लागते. पहिली बाब नावाची. आपल्या राज्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव आणि नंतर वडिलांचे नाव असा क्रम असतो; अन्य ओळखपत्रांवर तो पुष्कळदा उलटा असतो. अर्जात नाव कोणत्या दाखल्याप्रमाणे लिहावयाचे, हे पत्रकात सांगितलेले असते, आणि बहुधा दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानले जाते. अर्जाच्या आधीच सर्व कागदपत्रांतील नाव व जन्मतारीख जुळवून घ्यावी. दुसरी बाब आरक्षणाच्या दाखल्यांची. केंद्र सरकारच्या भरतीस केंद्राच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो, आणि केंद्राची व राज्याची यादी सर्वस्वी एक नाही. राज्यातील भरतीसाठी काढलेला दाखला दिल्लीत चालेलच, असे गृहीत धरू नये. दाखला कोणत्या तारखेपूर्वीचा असावा, हेही पत्रकात पाहावे.

अर्ज भरल्यावर त्याची प्रत, शुल्काची पावती आणि मूळ जाहिरात या तिन्ही गोष्टी जपून ठेवाव्यात. पुढे वाद उद्भवलाच तर हेच कागद आधार देतात. केंद्र सरकारच्या नोकरभरतीतील वाद ऐकण्यासाठी १९८५ च्या कायद्याने प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले; त्याकडे सामान्यतः अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत दाद मागावी लागते. पीठे देशात अनेक ठिकाणी आहेत, मुंबईतही आहे. पण 'मला असे सांगण्यात आले होते' हा आधार तेथे दुबळा ठरतो. कागद बोलतो, आठवण नव्हे.

७. खोट्या नोकरीची लक्षणे

इंटरनेटने प्रामाणिक मालकास जसा मार्ग मोकळा केला, तसाच तो भामट्यासही केला आहे. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी उघडकीस आणलेल्या एका प्रकरणात ओएनजीसी या सार्वजनिक उपक्रमातील जागांच्या खोट्या मुलाखती चक्क कृषी भवनातील खोलीत घेतल्या गेल्या होत्या. त्याहून विदारक प्रकरण २०२२ चे आहे. तामिळनाडूतील २८ तरुण, ज्यांत अनेक अभियांत्रिकी पदवीधर होते, नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या फलाटावर सुमारे महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजीत राहिले. रेल्वेतील जागेसाठीचे हे प्रशिक्षण आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यांनी मिळून २ कोटी ६७ लाख रुपये दिले होते. डिसेंबर २०२२ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध झाले.

हे तरुण मूर्ख होते असे समजणे अन्यायाचे होईल. सरकारी इमारत, शिक्के असलेली पत्रे, नेमणुकीचा आदेश, सोबत आणखी सत्तावीस जण — इतकी सामग्री पाहून विश्वास बसणे स्वाभाविक आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारावयाचा राहिला होता. या जागेची जाहिरात कोठे प्रसिद्ध झाली, परीक्षा केव्हा झाली, आणि माझे नाव कोणत्या यादीत आहे? खऱ्या सरकारी भरतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सार्वजनिक असतात.

खाजगी क्षेत्रातही लक्षणे ठरलेली आहेत. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, संगणक किंवा अनामत यांच्या नावाने नोकरीपूर्वी पैसे मागितले जातात. पत्र कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून न येता कोणासही विनामूल्य मिळणाऱ्या ईमेलवरून येते, किंवा पत्त्यातील एखादे अक्षर बदललेले असते. मुलाखत केवळ संदेशांतून उरकली जाते. 'आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर जागा जाईल' अशी घाई केली जाते. काही ठिकाणी घरबसल्या चलचित्रांना पसंती देण्याचे काम सांगून प्रथम थोडे पैसे दिले जातात आणि मग मोठी रक्कम गुंतविण्यास लावले जाते. आपले बँक खाते 'कंपनीच्या कामासाठी' वापरू देण्यास सांगितले, तर तो मनुष्य आपल्याला गुन्ह्यात गुंतवू पाहत आहे, हे निश्चित समजावे.

परदेशातील नोकरीच्या बाबतीत सावधगिरी दुप्पट असावी. थायलंडमधील संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमधील फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये दिला. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. परदेशी नोकरी देणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे काय, हे केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटनाच्या परवान्यावर जाऊन नोकरी करा, असे जो सांगतो त्याच्याशी पुढे बोलण्याचे प्रयोजन नाही.

फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प राहू नये. १९३० या दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब कळविल्यास पैसे पुढे सरकण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता असते; प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. सोबत केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी आणि संदेश, पावत्या, पत्रे यांच्या प्रती जपाव्यात.

८. नोंदवही आणि तिचा अर्थ

आता शेवटचे साधन. ते इंटरनेटवर नाही. एक साधी वही पुरेशी आहे. प्रत्येक अर्जासाठी एक ओळ ठेवावी. दिनांक, संस्था, पदनाम, जाहिरात कोठे पाहिली, परिचयपत्राची कोणती प्रत पाठविली, उत्तर काय आले, आणि पुढे केव्हा विचारणा करावयाची, एवढे रकाने पुरतात.

या वहीचा खरा उपयोग दर पंधरवड्यास तिचे वाचन करताना होतो. समजा, आपल्या तरुणीने चाळीस अर्ज केले आणि एकाही ठिकाणाहून बोलावणे आले नाही. याचा अर्थ ती अपात्र आहे असा होत नाही. याचा अर्थ दोष जागांच्या निवडीत किंवा परिचयपत्रात आहे, आणि आणखी चाळीस अर्ज तसेच पाठविल्याने काही साधणार नाही. उलट पाच मुलाखती झाल्या आणि निवड एकदाही झाली नाही, तर परिचयपत्र ठीक आहे. तयारी मुलाखतीची करावयाची आहे. आणि दहा अर्ज ओळखीतून गेले व त्यांतून तीन बोलावणी आली, पण संकेतस्थळावरील तीसांतून एकही नाही, तर वेळ कोठे द्यावा हे वहीच सांगते. नोंद नसली की नकाराचे रूपांतर निराशेत होते. नोंद असली की त्याचे रूपांतर माहितीत होते.

दिवसाचा वेळही वाटून घ्यावा. नव्या जाहिराती पाहण्यास एक तास, निवडक दोन-तीन अर्ज लक्षपूर्वक लिहिण्यास दोन तास, एखाद-दुसरे पत्र किंवा दूरध्वनी, आणि उरलेला वेळ जाहिरातींत वारंवार दिसणारे पण आपल्यापाशी नसलेले एखादे कौशल्य शिकण्यास द्यावा. दिवसभर पडद्यासमोर बसून केलेले शंभर एकसारखे अर्ज हे श्रमाचे समाधान देतात. फळ क्वचितच देतात. घरी स्वतंत्र संगणक किंवा शांतता नसल्यास गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचा आश्रय घ्यावा. ज्या वाचनकक्षात मागील पिढीने 'रोजगार समाचार' वाचला, तेथेच बसून पुढील पिढीने अर्ज लिहावेत, यात काही विसंगती नाही.

नोकरी मिळणे सर्वस्वी उमेदवाराच्या हाती नसते. जागा किती निघाव्यात, कोठे निघाव्यात, हे देशाची अर्थव्यवस्था ठरविते. पद्धतशीर शोधाने नव्या जागा निर्माण होत नाहीत. परंतु असलेली जागा योग्य माणसास दिसावी, त्याचा अर्ज वाचला जावा, आणि त्याच्या घरातील साठवण भामट्याच्या हाती जाऊ नये, एवढे या पद्धतीने साध्य होते. ज्या घरात एकाच्या नोकरीवर चौघांचे डोळे लागलेले असतात, तेथे हे थोडे नव्हे.

स्वाध्याय

१. आपल्याला करता येणाऱ्या कामाच्या वीस जाहिराती वाचा. त्यांतील पदनामे आणि कौशल्ये यांचे दोन स्तंभ तयार करा. तीनपेक्षा अधिक वेळा आलेल्या शब्दांखाली रेघ ओढा.

२. आपल्या परिचयपत्रातील प्रत्येक विशेषण खोडा आणि त्या जागी केलेले काम व त्याचे माप लिहा. माप सांगता येत नसल्यास ते वाक्य ठेवावे काय, याचा विचार करा.

३. गेल्या वर्षभरात ज्यांच्याशी बोलणे झाले नाही, परंतु जे आपल्याला ओळखतात, अशा दहा व्यक्तींची यादी करा. त्यांपैकी दोघांना प्रत्येकी सहा वाक्यांचे पत्र लिहा.

४. एखाद्या चालू सरकारी भरतीची वार्ता खाजगी संकेतस्थळावर वाचा आणि मग मूळ जाहिरात शोधून दोहोंतील फरक टिपा.

५. नोकरीचा एखादा संशयास्पद संदेश घ्या. जाहिरात कोठे, परीक्षा केव्हा, नाव कोणत्या यादीत, हे तीन प्रश्न त्यास लावून पाहा, आणि आपला निष्कर्ष घरातील तरुणांना समजावून सांगा.